बांध कोणाचा? : ग्रामसंस्थांतील स्थित्यंतर आणि टिकाऊ ग्रामविकास

मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या काठी वसलेल्या चोडण, दिवाडी, सांत इस्तेव, आगशी यांसारख्या गावांतून भरतीच्या वेळी बांधावरून चालत गेल्यास एक दृश्य हमखास नजरेस पडते. बांधाच्या एका अंगास नदीचे खारे पाणी चढत असते. दुसऱ्या अंगास, त्या पाण्याच्या पातळीहून खाली, भाताचे शेत उभे असते. मध्ये असतो तो चिखल, पेंढा, झाडांच्या फांद्या आणि जांभ्या दगडांनी रचलेला एक बांध. तो एका जागी फुटला तरी पाणी एका शेतकऱ्याच्या शेतात शिरून थांबत नाही. साऱ्या खाजनात पसरते. म्हणून हा बांध एकट्याने बांधता येत नाही, एकट्याने राखता येत नाही, आणि एकट्याने त्याची उपेक्षा केली तरी तिचे फळ सर्वांस भोगावे लागते.

ग्रामविकासाचा विचार करताना आपण बहुधा योजना, निधी आणि यंत्रसामग्री यांचा हिशेब मांडतो. ते काम कोणती संस्था करणार, तिचे सभासद कोण, तिचा पैसा कोठून येणार आणि ती आपल्या कामाबद्दल कोणास जबाबदार राहणार, हे प्रश्न मागे पडतात. गोव्याची गांवकरी, पुढे जिला 'कोमुनिदाद' हे नाव मिळाले, आणि तिच्याशी निगडित असलेली खाजन शेती हे या प्रश्नांच्या अभ्यासाचे उत्तम उदाहरण आहे. ग्रामस्थ, अधिकारी आणि शिक्षक या तिन्ही वर्गांस त्यापासून काही शिकता येईल, या हेतूने प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

खाजनाची रचना

खाजन म्हणजे नदीमुखालगतची, एके काळी भरतीच्या पाण्याखाली जाणारी आणि बांध घालून लागवडीखाली आणलेली जमीन. गोव्यात अशा जमिनीचे क्षेत्र सुमारे १७ ते १८ हजार हेक्टर मानले जाते. या जमिनीत केवळ भातच होत असे असे नाही; मासळी, मीठ आणि खारफुटी यांचाही तीत वाटा असे. म्हणून खाजन ही शेतीची एक पद्धत आहे तशीच ती पाण्याच्या व्यवस्थापनाचीही एक पद्धत आहे.

या रचनेचे तीन मुख्य भाग आहेत. पहिला भाग बांधाचा. नदीच्या बाजूचा बांध लाटांचा मार सोसतो, तर आतील लहान बांध शेतांचे पाणी वेगळे राखतात. बांधाबाहेर वाढणारी खारफुटी लाटांचा जोर मोडते. त्यामुळे तिचे रक्षण हे बांधाच्या रक्षणाचेच एक अंग ठरते. दुसरा भाग 'पोंय', म्हणजे खाजनाच्या आत पाणी फिरवणारा आणि साठवणारा ओहोळ. तिसरा भाग 'मानस', म्हणजे बांधातील दरवाजा. मानशीस लाकडी झडपा असतात. भरती आली की बाहेरील पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि शेतातील जादा पाणी नदीत जाते. इंधन नाही, यंत्र नाही; भरती-ओहोटीच्या नियमावरच सारे काम चालते.

पावसाळ्याच्या आरंभी भरपूर पावसाने जमिनीतील मीठ धुऊन निघते. त्यानंतर 'कोरगुट' यांसारखी खारटपणा सोसणारी भाताची जात घेतली जाते. पीक निघाल्यावर पुष्कळ ठिकाणी खारे पाणी मर्यादेने आत घेतले जाते. त्याबरोबर सुंगटे, शेवटे, काळुंद्रे, कुर्ल्या आत येतात. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ही मासळी धरतात. मासळी धरण्याचा हा हक्क पावणीने, म्हणजे जाहीर लिलावाने, दिला जातो. एकाच जमिनीवर ऋतुमानाप्रमाणे भात आणि मासळी अशी दोन उत्पन्ने घेण्याची ही युक्ती आहे. परंतु दोहोंमध्ये तोल राखणारा कोणी असेल तरच ती टिकते.

गांवकरीची व्यवस्था

हा तोल राखण्याचे काम गांवकरी करीत असे. गावाच्या मूळ वसाहतकारांचे वंशज म्हणजे गांवकर. गावची बरीचशी जमीन त्यांच्या संस्थेच्या सामाईक मालकीची असे. शेते ठराविक मुदतीने पावणीवर लागवडीस दिली जात. येणाऱ्या उत्पन्नातून प्रथम सरकारी सारा, देवस्थानाचा खर्च, गावच्या सेवकांचा मोबदला आणि बांध-मानशींची दुरुस्ती भागवली जाई. शिल्लक राहील ती गांवकरांमध्ये वाटली जाई. निर्णय सभेत होत आणि त्यांची नोंद ठेवली जाई.

या क्रमाकडे लक्ष द्यावे. दुरुस्ती आधी, वाटणी नंतर. ज्यास वाटणीतून लाभ हवा, त्यास बांध सुस्थितीत राहणे आवश्यकच होते, कारण बांध फुटला तर पावणीचे उत्पन्न बुडणार आणि वाटणीस काहीच उरणार नाही. हक्क, कर्तव्य, पैसा आणि नोंद या चार गोष्टी एकाच हाती एकत्र होत्या. गांवकरी दीर्घकाळ टिकली याचे मर्म येथे आहे.

तथापि या संस्थेचे केवळ गुणगान करणे इतिहासाला धरून होणार नाही. गांवकरीतील हक्क वंशपरंपरेने पुरुषांकडे जात. स्त्रियांना सभेत स्थान नव्हते. प्रत्यक्ष चिखल तुडवून बांध घालणारे कष्टकरी आणि शेत कसणारी कुळे यांना निर्णयात वाटा नव्हता. ज्यांच्या श्रमांवर बांध उभा होता, त्यांचे नाव त्याच्या मालकांत नव्हते. पुढे झालेल्या बदलांचा विचार करताना ही बाजू विसरून चालणार नाही. थोर इतिहासकार आणि गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४७ साली गोव्यातील जुन्या काबिजादीच्या ग्रामसमुदायांवर अभ्यासपूर्ण लेख लिहिला. ग्रामसंस्थेकडे भाबडेपणाने न पाहता तिच्यातील आर्थिक संबंधांच्या अंगाने पाहावे, ही दृष्टी त्यांच्या लेखनातून मिळते.

स्थित्यंतराचे टप्पे

१५२६ साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने गांवकरींच्या रूढी 'फोराल' नावाच्या सनदेत लिहून काढल्या. रूढी लिहिली गेली की ती टिकते हे खरे. पण ती गोठतेही, आणि तिचा अर्थ लावण्याचा अधिकार लिहून ठेवणाऱ्याकडे जातो हेही तितकेच खरे. पुढील काळात सरकारचे नियंत्रण वाढत गेले. विसाव्या शतकात कोमुनिदादींसाठी संहिता तयार झाल्या. त्यांपैकी अखेरची १५ एप्रिल १९६१ रोजी, म्हणजे मुक्तीपूर्वी अवघे आठ महिने, जारी झाली. गावाची सभा हळूहळू प्रशासकाच्या मंजुरीवर चालणारी कचेरी बनली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ साली ग्रामपंचायतींची व्यवस्था आली आणि गावच्या कारभारात प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास मताचा अधिकार मिळाला. १९६४ साली कूळ कायदा झाला. त्या कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ पासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. तत्पूर्वी, १९७५ साली, बांध-मानशी राखण्याची कुळांची संयुक्त जबाबदारी पार पाडण्यासाठी नियम करण्यात आले आणि त्यांन्वये कुळांच्या संघटना स्थापन झाल्या. संविधानाच्या ७३व्या दुरुस्तीनंतर १९९४ साली गोव्याचा पंचायत राज कायदा झाला व ग्रामसभेस अधिक स्पष्ट स्थान प्राप्त झाले. गोव्यात आजही २२३ कोमुनिदादी आहेत.

न्यायाच्या दृष्टीने हे बदल आवश्यक होते, यात संदेह नाही. जमीन कसणाराची झाली, मत प्रत्येकाचे झाले. पण संस्थेच्या दृष्टीने पाहिले असता असे आढळते की, जुन्या संस्थेकडे एकत्र असलेल्या चार गोष्टी आता चार ठिकाणी विखुरल्या. जमिनीचा हक्क कुळाकडे आला. बांध राखण्याचे कर्तव्य कुळ संघटनेकडे गेले. गावच्या सर्वसाधारण विकासाचा पैसा पंचायतीकडे, तर मोठ्या दुरुस्तीचा पैसा शासनाच्या कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे राहिला. जुने दस्तऐवज आणि नकाशे कोमुनिदादीच्या कचेरीत पडून राहिले. बांधाच्या एका भगदाडासाठी आता तीन-चार दारांशी जावे लागते, आणि प्रत्येक दारी दुसऱ्या दाराकडे बोट दाखवले जाण्याचा संभव असतो. भरती मात्र दिवसातून दोन वेळा येते. ती कोणत्याही कचेरीच्या वेळा पाळत नाही.

भात की मासळी?

कुळ संघटनांसमोर आरंभापासूनच एक अवघड पेच आहे. संघटनेचे मुख्य उत्पन्न मानशीच्या पावणीतून, म्हणजे मासळीतून येते. त्याच पैशातून बांध राखावयाचा असतो. परंतु पावणी घेणाऱ्याचे हित खारे पाणी अधिक काळ आत ठेवण्यात असते, तर शेतकऱ्याचे हित ते वेळीच बाहेर काढण्यात असते. मासळीचा भाव वाढला आणि भातशेतीची मजुरी परवडेनाशी झाली की तोल मासळीकडे झुकतो. मानशीची झडप वेळेवर मिटत नाही. पुष्कळदा तर बांधास हेतुपुरस्सर भगदाड पाडले जाते. अशा घटना गोव्यात वारंवार नोंदल्या गेल्या आहेत.

याचा परिणाम क्रमाक्रमाने होतो. खारे पाणी पावसाळ्यातही आत राहिले तर जमिनीचे मीठ धुऊन निघत नाही. पीक बुडते. एक-दोन वर्षे शेत पडीक राहिले की कोरगुटाचे बियाणे घरात उरत नाही. पडीक शेतात खारफुटी उगवते. खारफुटीस कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे ते शेत पुन्हा लागवडीखाली आणणे अतिशय कठीण होते. ज्या घराने १९७६ साली जमिनीची मालकी मिळवली, त्या घराच्या नातवंडांच्या हाती सातबाऱ्यासारखा कागद राहतो, जमीन मात्र पाण्याखाली जाते. शेजारच्या विहिरीही खारट होऊ लागतात. म्हणजे तोटा शेतकऱ्यापुरता राहत नाही, गावाच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचतो.

बाहेरील कारणेही आहेत. नदीतून ये-जा करणाऱ्या खनिज बार्जींच्या लाटांनी बांध खचले. नदीपात्रातील बेसुमार रेती उपशाने काठ पोखरले गेले. समुद्राची पातळी वाढत असल्यामुळे जुन्या उंचीचे बांध पुढे अपुरे पडण्याची भीती आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी विशेष तरतूद करण्यात आली आणि त्यांचे नकाशे तयार करण्यास सांगण्यात आले. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्यांस विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा गोव्यात २०२३ साली झाला. हे उपाय महत्त्वाचे आहेत. पण कायदा जमिनीचा वापर रोखू शकतो. तो मध्यरात्रीच्या भरतीस बांधावर कंदील घेऊन उभा राहू शकत नाही. ते काम गावाच्या संस्थेचेच आहे.

इतर ठिकाणचा अनुभव

सामाईक संपत्ती राखणाऱ्या संस्था सर्वत्र मोडतात असे नाही. शेजारच्या महाराष्ट्रात, धुळे-नाशिक भागात, नदीवर बंधारे घालून 'फड' पद्धतीने पाणी वाटण्याची जुनी रीत आहे. फडातील शेतकरी मिळून कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवतात. पाणी सोडण्यास पाटकरी असतो, पिकावर लक्ष ठेवण्यास जागल्या असतो, आणि त्यांचा मोबदला शेतकरीच देतात. देखरेख करणारा माणूस ज्यांचे काम करतो त्यांस जबाबदार राहतो, हे या पद्धतीचे बळ आहे.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याचे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे काम सुरू केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न ठेवता घरातील माणसांच्या प्रमाणात ठेवण्यात आला : माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनासही पाण्याचा हक्क देण्यात आला. ऊसासारखे पाणी खाणारे पीक वर्ज्य ठरले. योजनेच्या खर्चात लाभधारकांनी स्वतःचा हिस्सा घातला. जुन्या गांवकरीत जे नव्हते ते, म्हणजे न्याय्य सभासदत्व, येथे होते. आणि गांवकरीत जे होते ते, म्हणजे हक्काबरोबर कर्तव्य, तेही येथे राखले गेले.

अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरातील अशा संस्थांचा अभ्यास करून १९९० साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दीर्घकाळ टिकलेल्या संस्थांमध्ये त्यांना काही समान गुण आढळले. सभासद कोण आणि संपत्तीची सीमा कोठवर, हे स्पष्ट असते. नियम स्थानिक परिस्थितीस धरून असतात आणि ज्यांना ते पाळावयाचे त्यांनाच ते बदलताही येतात. देखरेख नियमित असते. चुकणाऱ्यास प्रथम सौम्य व मग वाढत्या प्रमाणात दंड होतो. भांडण लवकर व अल्प खर्चात मिटवण्याची सोय असते. आणि शासन अशा संस्थेचा स्वतःचे नियम करण्याचा हक्क मान्य करते. आपल्या खाजनांकडे या कसोट्यांनी पाहिले तर दुखणे कोठे आहे हे चटकन लक्षात येते.

काय करता येईल?

जुनी गांवकरी होती तशी परत आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. विखुरलेल्या चार गोष्टी नव्या, न्याय्य पायावर पुन्हा एकत्र कशा आणाव्यात, हा खरा प्रश्न आहे. त्या दृष्टीने पुढील गोष्टी विचारात घेण्यासारख्या आहेत.

पहिली, सभासदत्व. कुळ संघटनेची यादी अद्ययावत असावी. मृत सभासदांच्या जागी वारसांची नावे लागावीत आणि त्यांत मुली व सुना यांचाही समावेश व्हावा. ज्या खाजनातील निम्मे सभासद कागदावरच जिवंत आहेत, तेथे सभा भरली तरी संस्था भरत नाही.

दुसरी, हिशेब. पावणीतून किती रक्कम आली आणि बांधावर किती खर्च झाली, हे वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावे. 'दुरुस्ती आधी, वाटणी नंतर' हा जुना क्रम नव्या संघटनेनेही ठरावाने स्वीकारावा.

तिसरी, पावणीच्या अटी. मानस केव्हा मिटावी, खारे पाणी कोणत्या तारखेपर्यंत आत घ्यावे आणि केव्हा पूर्णपणे बाहेर काढावे, हे पावणीच्या आधीच लेखी ठरलेले असावे. अट मोडल्यास काय दंड, हेही त्याच कागदावर असावे. पेच मासळीमुळे पडत नाही. मासळीस मर्यादा घालणारा नियम नसल्यामुळे तो पडतो.

चौथी, देखरेख. बांधात कुर्ल्यांनी पाडलेले बोटभर भोक ओंजळभर चिखलाने बुजते. तेच पंधरा दिवस राहिले तर शासकीय अंदाजपत्रकाची वाट पाहावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीस बांधावर फेरी घालणारा माणूस संघटनेने नेमावा व त्याचा मोबदला नियमित द्यावा. लहान दुरुस्ती गावाने तत्काळ करावी. मोठ्या दुरुस्तीस शासनाने हात द्यावा.

पाचवी, समन्वय. कुळ संघटना, पंचायत, कोमुनिदाद, मामलेदार कचेरी व कृषी खाते यांच्या प्रतिनिधींनी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पीक निघाल्यावर एकदा बांधावरच एकत्र यावे. कचेरीत भरलेल्या बैठकीत बांध नकाशावर दिसतो. बांधावर भरलेल्या बैठकीत भगदाड दिसते.

अधिकाऱ्यांनी येथे एका गोष्टीचे भान ठेवावे. शासनाने सर्व खर्च उचलला तर गाव प्रेक्षक बनते. शासनाने हात काढून घेतला तर गाव हतबल होते. दोहोंच्या मध्ये जी जागा आहे, तीत संस्था घडते. तसेच एखाद्या जुन्या संस्थेचे अधिकार काढून घेताना तिची कर्तव्ये कोण उचलणार, त्याची नोंद त्याच आदेशात असावी.

शिक्षकांचा वाटाही लहान नाही. नदीकाठच्या शाळांतील मुलांना मानशीची झडप कशी मिटते हे दाखवणे हा विज्ञानाचा पाठ आहे, पावणीचा हिशेब हा गणिताचा पाठ आहे आणि गांवकरीची कथा हा इतिहासाचा व नागरिकशास्त्राचा पाठ आहे. ज्या मुलास बांध काय आहे हे ठाऊक असेल, ते मोठेपणी त्याच्या सभेस जाईल.

ग्रामसभेत आणि वर्गात चर्चेसाठी काही प्रश्न

१. आपल्या गावात सर्वांनी मिळून राखावयाची अशी कोणती संपत्ती आहे : बांध, तळे, पाट, रान की विहीर? ती आज कोणती संस्था राखते?

२. त्या संपत्तीवर ज्यांचे जीवन अवलंबून आहे, ते सर्व त्या संस्थेचे सभासद आहेत काय? कोण बाहेर राहिले आहेत?

३. गेल्या पन्नास-साठ वर्षांत तिच्या व्यवस्थेत कोणते बदल झाले? त्या बदलांत कोणाला न्याय मिळाला, आणि कोणते काम कोणाचेच उरले नाही?

४. आज रात्री ती संपत्ती धोक्यात आली तर प्रथम कोणास कळेल, आणि तो कोणास हाक मारील?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गावातील प्रत्येकास ठाऊक असेल, तर त्या गावाची संस्था जिवंत आहे असे समजावे. ते कोणासच देता येत नसेल, तर पुढील मोठ्या भरतीपूर्वी ग्रामसभा बोलवावी.